व्हॉल्व्ह लाल का होतो?

माळ्यावरचा जुना व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर खाली उतरतो, धूळ झटकली जाते, तबकड्या बाहेर निघतात आणि घरातले कुणीतरी उत्साहाने बटण दाबते. पाच मिनिटे छान आवाज येतो. मग घरघर सुरू होते, आवाज फाटू लागतो आणि चारांपैकी एका व्हॉल्व्हमधली काळसर प्लेट तापलेल्या तव्यासारखी लाल दिसू लागते. अशा वेळी बटण ताबडतोब बंद करावे. ‘होईल आपोआप ठीक’ म्हणत थांबणाऱ्याचा आधी व्हॉल्व्ह जातो आणि मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह नवा मिळतो. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये तो आजही बनतो. त्या काळच्या ट्रान्सफॉर्मरला मात्र जोड मिळणे कठीण. तो रिवाइंड करून घेतला तरी पूर्वीचा आवाज येईलच असे नाही.

प्लेट लाल दिसली की बहुतेक जण दुकानात नवा व्हॉल्व्ह आणायला धावतात. बिचारा व्हॉल्व्ह पुष्कळदा निर्दोष असतो. त्याच्यावरचा लगाम सुटलेला असतो, आणि नवा घातला तरी तोही तासाभरात लाल होतो.

हा लगाम म्हणजे बायस. व्हॉल्व्हच्या पोटात तापलेला कॅथोड असतो, त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या प्लेटवर चारशेच्या आसपास धन व्होल्ट असतात, ती त्यांना ओढून घेते. दोघांच्या मध्ये ग्रिडची जाळी असते. तिला थोडे ऋण व्होल्ट दिले की ती इलेक्ट्रॉनांना अडवते; नळाची तोटी जेवढी आवळावी तेवढी धार बारीक व्हावी, तसेच हे. गाणे वाजत नसतानाही किती प्रवाह वाहू द्यायचा, हे या ऋण व्होल्टवर ठरते. तोटी फार आवळली तर हळू आवाजातले गाणे खरखरीत वाटते. फार सैल सोडली तर सगळी शक्ती उष्णता होऊन प्लेटवर उतरते. छोट्या संचांत बहुधा कॅथोडलाच रेझिस्टन्स लावून बायस आपोआप राखला जातो, तिथे फिरवण्यासारखे काही नसते. मोठ्या संचांत मात्र ऋण व्होल्टचा वेगळा पुरवठा असतो, आणि खरी कटकट तिथली.

डायनाको कंपनीचा ‘स्टिरिओ ७०’ हा संच या बाबतीत पाहण्यासारखा आहे. १९५९ साली अमेरिकेत निघालेला हा अॅम्प्लिफायर सुट्या भागांच्या रूपातही विकला जाई आणि हौशी माणसे तो घरी जोडत. त्यात ईएल-३४ जातीचे चार व्हॉल्व्ह, दर बाजूला दोन, आणि दर बाजूची ताकद ३५ वॉट. घरच्या माणसालाही बायस लावता यावा म्हणून मोजण्याची जागा पेटीच्या बाहेर, पुढच्या सॉकेटवर ठेवलेली आहे. दोन व्हॉल्व्हचा एकत्र प्रवाह १५.६ ओहमच्या रेझिस्टन्समधून जातो. तिथे १.५६ व्होल्ट दिसले की प्रवाह बरोबर १०० मिलिअॅम्पिअर. आकडा मुद्दामच असा निवडलेला वाटतो, कारण बॅटरीचा नवा कोरा सेलही साधारण इतकेच व्होल्ट दाखवतो. मीटर स्वस्तातला असला तरी आधी सेलवर ताडून पाहता येतो.

या सोयीत एक फसगत मात्र आहे. मीटर दोघांची बेरीज दाखवतो. एक व्हॉल्व्ह ७० आणि दुसरा ३० मिलिअॅम्पिअर घेत असला तरी काटा ‘ठीक’ म्हणतो, आणि पहिला लाल होतो. म्हणून व्हॉल्व्ह जुळवलेल्या जोडीनेच घ्यावेत. शिवाय १०० मिलिअॅम्पिअर हा आकडाही जरा सढळच. ईएल-३४ ची प्लेट २५ वॉट उष्णता सोसते. चारशे व्होल्टवर ५० मिलिअॅम्पिअर म्हणजे २० वॉट नुसते बसल्या जागी. अशा संचात प्लेटला मर्यादेच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवणे बरे, म्हणजे दर व्हॉल्व्हला ४० ते ४५ मिलिअॅम्पिअर. आवाजात फरक फारसा कळत नाही, व्हॉल्व्ह मात्र जास्त दिवस टिकतात.

बिघाड शोधायचा तो असा. संच बंद करून, थंड झाल्यावर, लाल होणारा व्हॉल्व्ह शेजारच्याशी अदलाबदल करावा. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर दोष व्हॉल्व्हचा. जागेवरच राहिली तर दोष त्या सॉकेटच्या मागच्या जोडणीत. तिथला पहिला संशयित कपलिंग कंडेन्सर. तो गळू लागला की मागच्या भागातले धन व्होल्ट ग्रिडवर येतात आणि लगाम सुटतो. किमतीला हा भाग अगदी मामुली, पण जोडीच्या जोडी व्हॉल्व्ह खातो. एका बाजूचे दोन्ही किंवा चारही व्हॉल्व्ह तापत असतील तर ऋण व्होल्टचा पुरवठा तपासावा. ‘स्टिरिओ ७०’ मध्ये त्या जागी सेलेनियमचा रेक्टिफायर आहे. तो वयाबरोबर थकतो, ऋण व्होल्ट कमी पडतात. साधा सिलिकॉन डायोड घातला की काम होते, फक्त नंतर बायस पुन्हा लावावा लागतो. नुसतीच घरघर असेल आणि व्हॉल्व्ह थंड डोक्याने बसले असतील, तर फिल्टरचे कंडेन्सर वाळले असे समजावे.

फ्यूज उडाला म्हणून जाड तार बसवणारे महाभाग अजूनही भेटतात. फ्यूज उडतो तो ट्रान्सफॉर्मर वाचवण्यासाठी.

पेटी उघडण्याआधी एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी. वायर काढली तरी कंडेन्सरमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्ट साठून राहतात आणि ते जीव घेऊ शकतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याची मेकॅनिक मंडळींची सवय वाईट. दहा हजार ओहम, दहा वॉटचा रेझिस्टन्स चिमट्यांच्या वायरींना जोडून, एक टोक चासीला आणि दुसरे कंडेन्सरच्या धन टोकाला दहा-पंधरा सेकंद लावावे, मग मीटरने खात्री करावी. चालू संचात मोजताना एक हात खिशात. हे ज्याला जमणार नाही त्याने संच जाणत्या मेकॅनिककडेच न्यावा. स्पीकर जोडल्याशिवाय तर हा अॅम्प्लिफायर कधीच वाजवू नये.

वर्षानुवर्षे पडून असलेला संच थेट लाइनवर न लावता आधी सिरीज लॅम्पवर लावावा. ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा, तारेचा बल्ब हवा. एलईडीचा चालत नाही. बल्ब क्षणभर झगमगून मंदावला तर ठीक. तसाच प्रखर जळत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. संच अमेरिकेतून आणलेला असेल तर २३० व्होल्टवर लावायचा नसतो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये घालावा.

बायस लावताना गाणे बंद, स्पीकर जोडलेले. प्रीसेट अगदी हळू फिरवावा. आकडा जमला म्हणून लगेच उठू नये. अर्ध्या तासाने व्हॉल्व्ह पुरते तापले की तो सरकतो, तेव्हा पुन्हा बघावा. रात्री उशिरा ज्या भागात लाइन २५० च्या घरात जाते, तिथे एकदा त्या वेळीही मीटर लावून बघावा.