रेझिनच्या फरशीआधी खालची जमीन पाहा



दूध संकलनाची खोली असो, बेदाणा निवडण्याची शेड असो की बचत गटाचे खवा-पनीरचे काम असो, हल्ली बांधकाम निघाले की एक प्रश्न हमखास येतो. "अहो, ती एपॉक्सीची फरशी घालावी का?" शहरातल्या कारखान्यात पाहिलेली असते. सांधा नाही, भेग नाही, एक बादली पाणी मारले की लख्ख! मनात भरते, यात नवल नाही.

ही फरशी म्हणजे दोन पातळ द्रव्ये. एक रेझिन आणि दुसरे त्याला घट्ट करणारे. दोन्ही ठरल्या प्रमाणात कालवून जमिनीवर पसरले की काही तासांत थर घट्ट होतो. थर मात्र जाड नसतो. रंगासारखा दिलेला तर कागदाएवढा, ओतून पसरलेला तर दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे बोजा पेलायचा तो खालच्या कोब्याने, आणि कोब्यात जो दोष असेल तो वर येणारच. ठेकेदार वरच्या थराचा रंग दाखवतो. तुम्ही त्याला खालच्या जमिनीचे विचारा.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. आमच्या थोरल्या आक्काच्या घरालगत दहा बायकांचा बचत गट पनीर आणि तूप करतो. २०२२ च्या मे महिन्यात त्यांनी साठवलेल्या पैशांतून खोलीला एपॉक्सी करून घेतली. ठेकेदार शहरातला. दोन दिवसांत काम उरकून गेला. फरशी अशी चकचकीत, की आक्का पहिले आठ दिवस कुणाला आत पायताण घालू देईना. श्रावण लागला आणि फरशीवर पुरीएवढे फोड आले. दाजींनी एका फोडाला सुरीचे टोक लावले, तर आतून बुळबुळीत पाणी उडाले. भाद्रपदात पापुद्रे पापडासारखे हातात येऊ लागले.

मी गेलो तेव्हा एक पापुद्रा उलटा करून पाहिला. तुमच्याकडे असे झाले तर तुम्हीही हेच करा, कारण दोष पापुद्र्याच्या पाठीवर लिहिलेला असतो. पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर थराने कोब्याला धरलेच नव्हते; खाली तेल-तूप होते किंवा कोबा फार घोटलेला होता. पाठीला करडी पूड चिकटून आली, तर थराने धरले होते, पण कोब्याचा वरचा पापुद्राच कच्चा होता. आणि पाठ ओली असेल, तर खालून ओल आहे. आक्काच्या खोलीत पाठ करडीही होती आणि ओलीही.

आधी ओलीचे बोलू. आक्काचे घर काळ्या जमिनीवर. काळी माती पाणी धरून ठेवते, ते हळूहळू कोब्यातून वर चढते. कोबा दिसायला दगड, पण आतून बारीक छिद्रांचा. इतकी वर्षे ती ओल वर येऊन वाऱ्याने उडून जात होती, म्हणून कुणाला कळली नाही. एपॉक्सी घातली म्हणजे भाताच्या पातेल्यावर ताट ठेवले. वाफ जाणार कुठे? ती ताट उचलते.

ओल आहे की नाही हे घरच्या घरी पाहता येते. दीड फूट लांब-रुंद जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या आणि चारही कडा चिकटपट्टीने कोब्याला पक्क्या चिकटवा. एक दिवस-रात्र राहू द्या. काढल्यावर प्लॅस्टिकच्या आत दव दिसले किंवा कोबा काळसर पडलेला दिसला, तर ओल आहे. एकाच ठिकाणी पाहून समाधान मानू नका. चारही कोपऱ्यांत आणि मध्ये लावा. न्हाणीच्या बाजूला आणि पागोळ्या पडतात त्या भिंतीलगत तर नक्कीच लावा.

ही परीक्षा आक्काकडच्या ठेकेदाराने केली नव्हती. पण खरे सांगायचे तर मे महिन्यात केली असती तरी कदाचित कोरडीच निघाली असती. वैशाखात काळी जमीनच भेगाळलेली असते, तिथे ओल कुठून दिसणार? म्हणून आपल्याकडे जमीन तपासावी ती भाद्रपदात, पाऊस मुरल्यावर. आणि थर द्यावा तो संक्रांतीनंतर, हवा कोरडी आणि दिवस उबदार असताना. मधले चार-पाच महिने घाई होते, ठेकेदार सवलत देऊ करतो, पाहुणे विचारतात. थांबावे.

नवीन खोली बांधत असाल तर तुमचे काम सोपे आहे. काळी माती दोन-तीन फूट काढून टाका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमस करा. त्यावर दगडाचे सोलिंग आणि पातळ काँक्रीट. त्यावर हजार गेजचे प्लॅस्टिक, सांध्यावर वीतभर एकावर एक, आणि कडा भिंतीलगत वर चढवलेल्या. खडीच्या टोकाने ते फाटू नये म्हणून खाली बारीक वाळूचा हात द्या. मग चार इंचांचे चांगले काँक्रीट, एम-२५ प्रतीचे. गवंडी पाणी जास्त घालून पातळ करू पाहील, कारण पसरायला सोपे जाते. त्याला तिथेच अडवा. जास्त पाण्याने सिमेंटचे दूध वर येते आणि त्याची साय धरते. आक्काच्या पापुद्र्याला चिकटलेली करडी पूड ती हीच. कोबा घोटून आरशासारखाही करू नका. थराला धरायला खरखरीतपणा लागतो.

उतारही याच वेळी द्या, दर आठ फुटांना एक इंच, मोरीकडे. ओतून पसरण्याचे रेझिन पाण्यासारखे सपाट बसते. उतार नंतर त्याच्यात करता येत नाही.

काँक्रीटला निदान दहा दिवस पाणी मारा, मग सुकू द्या. अठ्ठावीस दिवस ही कमीत कमी मुदत धरा. जाडीच्या प्रत्येक इंचाला एक महिना हा जुना अंदाज आमच्या मते अधिक भरवशाचा, आणि तरीही शेवटचा निकाल प्लॅस्टिकच्या तुकड्याचा.

जुन्या कोब्यावर थर द्यायचा असेल तर हातोडीने हळूहळू ठोकत सगळी खोली फिरा. जिथे बद्द आवाज येईल तिथे खडूने खूण करा. तेवढा भाग उकरून पुन्हा भरावा लागेल. खिळ्याने ओरखडा काढा. पूड सुटली तर वरचा भाग कच्चा. पाण्याचे चार थेंब टाका. कोब्याने प्यायले तर ठीक, मोत्यासारखे उभे राहिले तर खाली तेल-तूप मुरलेले आहे. धुण्याच्या सोड्याने आणि गरम पाण्याने घासून पाहा. तरीही थेंब उभाच राहिला तर तो भाग तासून काढा. भेग असेल तर तिच्यावर आडवी पेन्सिलीची रेघ मारून तारीख लिहून ठेवा. उन्हाळा-पावसाळा ओलांडून रेघ सरकली तर भेग चालती आहे, तिला नुसती लांबी भरून काही होणार नाही. खालची जमीन हलते आहे.

मातीवर बसवलेल्या शहाबादीवर थर देऊ नका. प्रत्येक फरशी वेगळी हलते आणि सांध्यासांध्यावर थर फाटतो. सारवलेल्या जमिनीचा तर प्रश्नच नाही.

कोब्याची साय काढायला हिऱ्याच्या चाकाचे घासायचे यंत्र भाड्याने मिळते, तेच वापरा. काही जण ऍसिड ओततात. त्याने कोबा खरखरीत होतो खरा, पण मागे क्षार राहतात, पुष्कळ पाण्याने धुवावे लागते आणि सुकण्यात पुन्हा दिवस जातात. ऍसिडचा संबंध ब्लीचिंग पावडरशी तर चुकूनही येऊ देऊ नका. विषारी वायू निघतो. घासून झाल्यावर धूळ यंत्राने ओढून घ्या. झाडूने अर्धी धूळ छिद्रांतच बसते.

यानंतरचे काम जाणत्या माणसाकडून करवून घ्या. घरी करणार असाल तर डबे मोजूनमापून पूर्ण कालवा, अंदाजाने नाही. कालवलेले डब्यात तसेच ठेवले तर ते तापते आणि अर्ध्या तासातच हातचे जाते. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, मुलांना लांब ठेवा.

आणखी एक गोष्ट आक्काच्या खोलीने शिकवली. पनीरची गरम निवळी जमिनीवर सांडते. साधी एपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. अशा ठिकाणी पॉलियुरेथेन आणि सिमेंटचा जाड थर देतात. तो उकळते पाणीही सोसतो आणि थोडी ओलही. पण कडक होताना तो खालच्या काँक्रीटला जोरात ओढतो, म्हणून कच्च्या कोब्यावर तो एपॉक्सीहूनही लवकर उखडतो. कडेने आणि मोरीभोवती खाचा मारून त्यात तो रोवावा लागतो. खर्च जास्त. बेदाण्याच्या किंवा पापडाच्या कोरड्या शेडला याची गरज नाही, आणि नुसते धान्य ठेवायचे असेल तर चांगला कोबा पुरे, असे आम्ही स्पष्ट सांगतो. दूध-पनीरच्या खोलीत मात्र शहाबादी किंवा कोटा घालून भागवू नका. दोन्ही चुनखडीचे दगड. आंबट निवळीने खातात. खात्री हवी तर तुकड्यावर लिंबू पिळून पाहा.

आक्काच्या गटाने दोन हिवाळे पैसे जमवले आणि २०२४ च्या माघात जुना कोबा फोडून प्लॅस्टिकसह नवा केला. घराच्या मागून चर काढला, पागोळ्यांना पन्हाळ लावले. भाद्रपदात पाच ठिकाणी तुकडे चिकटवले. चार कोरडे निघाले, न्हाणीकडचा कोपरा ओला. दाजी म्हणाले, "चार तर पास झाले की!" आक्का म्हणाली, "पाणी चार कोपरे मोजत बसत नाही." कोपरा उकरला तेव्हा दिसले की तिथे प्लॅस्टिक भिंतीपासून वीतभर आधीच संपले होते. नवा तुकडा जोडून कोपरा पुन्हा भरला, पण थर द्यायला काही आक्का तयार झाली नाही. येत्या भाद्रपदात तो कोपरा पुन्हा पाहायचा म्हणून चिकटपट्टीचे उरलेले रीळ तिने तुपाच्या रिकाम्या डब्यात ठेवले आहे.