आंतरजालाचा उलटसुलट पत्ता

पूजारंभी यजमान जो संकल्प सोडतो, त्यातील स्थळाचा उच्चार हा वस्तुतः एक पत्ताच होय. जंबुद्वीप, भरतवर्ष, भरतखंड, पुढे नदीचे तीर (आम्हां इंदूरकरांस नर्मदेचे उत्तर तीर), आणि शेवटी गोत्र व नाव. मोठ्याकडून लहानाकडे असा हा क्रम. टपालाचा पत्ता नेमका उलट चालतो. पण तोही मध्येच पाठ फिरवीत नाही. आंतरजालाच्या पत्त्याने मात्र दोन्ही क्रम एकाच ओळीत कोंबले आहेत.

१९८३ साली रचलेल्या नामपद्धतीत ठिपक्यांनी तोडलेले नाव लहानाकडून मोठ्याकडे जाते. पुढे टिम बर्नर्स-ली यांनी वेब उभारताना त्याला तिरप्या रेघांची वाट जोडली, ती मोठ्याकडून लहानाकडे! परिणामी मालकाची खरी ओळख ना आरंभी, ना अंती. ती पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या अलीकडे दडून बसते. डावीकडून वाचणाऱ्या भाविकास प्रथम देवस्थानाचे नाव दिसते, तो श्रद्धेने देणगी धाडतो. आणि त्या नावापुढे ठिपका देऊन एखाद्या भामट्याने आपले दुकान थाटलेले असते. भाविकाला सावधगिरीचा उपदेश करणारे पुष्कळ. या चिन्हयोजनेस जाब विचारणारा विरळा.

आरंभीच्या जोडरेघांविषयी तर बोलायलाच नको. त्या अनावश्यक होत्या, हे २००९ मध्ये खुद्द बर्नर्स-ली यांनीच मान्य केले. सारा पत्ता मोठ्याकडून लहानाकडे एकाच चिन्हाने लिहिला असता तर बरे झाले असते, असेही त्यांचे मत आहे. ब्रिटनमधील विद्यापीठांचे जाल पूर्वी देशाचे नाव आधी लिहीत असे. जगाच्या बहुमतापुढे त्यानेही मान तुकविली.

२०१४ मध्ये '.भारत' आले. मराठी-कोंकणी नावांना देवनागरीत स्थान मिळाले, हे चांगलेच झाले. पण अक्षरे आपली, क्रम तोच. इंदुरात मराठी वाक्य टिंबाने थांबते, हिंदी दंडाने. चिनी-जपानी पूर्णविरामाचे वर्तुळ २००३ च्या नियमांनी ठिपक्याच्या जागी चालवून घेतले. दंडाला तो मान नाही. मागितला कोणी होता, असा प्रश्न आम्ही आपल्याच पंडितांस करू.

आता साऱ्या जगाचे पत्ते उलटविणे अशक्य आहे. काही ब्राउझर मालकीचा भाग गडद दाखवितात. देवस्थानांच्या विश्वस्तांनीही देणगीपत्रकावर पत्ता छापताना तेवढा भाग ठळक टाइपात छापावा, आणि अशा भागाच्या डावीकडे कोणतेही पवित्र नाव त्या भागाच्या मालकाला लिहिता येते, हे खाली मराठीत व कोंकणीत स्पष्ट नोंदवावे.