ट्रेलर उलाळ होतो तेव्हा

बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, पुढे झाले की धुरजड. हे माझ्या आजोबांना ठाऊक होते. अभियांत्रिकी शिकलेल्या मला ते गेल्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातील महामार्गाच्या उतारावर कळले. ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे खाऊ लागला. मागच्या आसनावर मुले होती. ब्रेक दाबण्याचा मोह आवरला, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरले. निभावले.

घरी येऊन हिशेब मांडला. सामानासह ट्रेलर 2,500 पौंड. त्याच्या दांडीचा गाडीच्या हुकवर पडणारा भार 300 पौंड, म्हणजे 12 टक्के. तो 10 ते 15 टक्के असावा, असा संकेत आहे. पण निघताना मी चार सायकली, मिळून 160 पौंड, ट्रेलरच्या मागील टोकाला टांगल्या होत्या. चाकांच्या आसापासून हुक 12 फूट पुढे, सायकली 8 फूट मागे. तरफेच्या नियमाने हुकवरचा भार सुमारे 107 पौंडांनी घटला, एकूण वजन मात्र वाढले. उरले जेमतेम 7 टक्के. ओझे वाढवून मी दांडी हलकी केली होती!

वाचकहो, यावर उपाय म्हणून सगळेच सामान पुढे लोटू नये. धुरजड ट्रेलर गाडीचा मागचा भाग दाबतो आणि पुढच्या चाकांची पकड सैल होते. शिवाय हुकवरचा भार गाडीच्या वहनक्षमतेतच मोजावा लागतो, माणसांसह. तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो.

आता सायकली ट्रेलरच्या आत, थेट आसावर ठेवतो. निघण्यापूर्वी दांडीखाली वजनकाटा सरकवतो. आकडा मुलगी वाचते.