छत्रीचे मनोगत जमते, स्वतःचे का नाही?

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी फाटक्या छत्रीचे मनोगत लिहिलेले असते. छत्री नसेल तर जुन्या वडाचे, शाळेच्या घंटेचे, नाही तर नदीचे. सुरुवात ठरलेली, मधली व्यथा ठरलेली आणि शेवटचा उपदेशही ठरलेला. हा निबंध वाईट नाही. कल्पनाशक्तीला त्याने थोडे वळण लागते. पण आपल्या बाबतीत काय घडले, त्यातून काय उमगले आणि पुढच्या वेळी आपण काय वेगळे केले, हे सरळ लिहायला मुलांना फार क्वचित सांगितले जाते. आत्मचरित्रांची इतकी श्रीमंती असलेल्या भाषेत ही उणीव जास्तच खटकते.

‘केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत’ असे वडीलधारी मंडळी बजावतात. अनुभवाचा हा मान योग्यच आहे. पण नुसते दिवस गेल्याने शहाणपण येत नाही, हेही प्रत्येक घराला ठाऊक असते. त्याच माणसावर पुन्हा पुन्हा विसंबून फसणारे, दरवर्षी तेच कर्ज त्याच अटींवर काढणारे लोक आपल्या अवतीभवती असतात. त्यांच्याकडे अनुभव कमी नसतो. मागे वळून त्याच्याकडे नीट पाहायला त्यांना कुणी शिकवलेले नसते, आणि बहुधा तेवढी उसंतही मिळालेली नसते.

असे मागे वळून पाहण्याने आयुष्य कसे बदलते, हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते. त्यांची एक गोष्ट पाठ्यपुस्तकांमुळे अनेकांना माहीत आहे. 1875 मध्ये मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी भर पावसात घाट चढून पायी साताऱ्याला गेला, आणि लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. चिकाटीचा धडा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. चिकाटी होतीच. पण कर्व्यांचे खरे मोठेपण पुढच्या काही दशकांत आहे, कारण त्या काळात त्यांनी स्वतःचेच बेत पुन्हा पुन्हा तपासले आणि बदलले.

पहिल्या पत्नीच्या निधनानंतर 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या याच गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. मुरूडने बहिष्कार घातला आणि त्याची झळ घरच्यांनाही बसली. त्याच वर्षी कर्व्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी काढली. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांना दिसले की या वाटेने फार थोड्या स्त्रियांपर्यंत पोहोचता येते. जिला अक्षरओळख नाही आणि कमाईचे साधन नाही, तिच्यापुढे लग्नाचा पर्याय ठेवला तरी तिचे परावलंबन संपत नाही. मंडळीचे धोरण बदलले: विवाहाला उत्तेजन देण्याऐवजी ज्यांना तो करायचा आहे त्यांच्या वाटेतले अडथळे दूर करायचे. 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम उभा राहिला, तो मुख्यतः शिक्षणासाठी, आणि पुनर्विवाहाच्या प्रचारापासून त्याला जाणीवपूर्वक वेगळे ठेवले गेले. स्वतः पुनर्विवाह करून बहिष्कार सोसलेल्या माणसाने हा निर्णय घ्यावा, याला मनाचा फार मोठा मोकळेपणा लागतो. जे सोसले त्यालाच चिकटून बसण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. पुढे आश्रम हिंगण्याला गेला, 1907 मध्ये महिला विद्यालय सुरू झाले, 1916 मध्ये महिला विद्यापीठ. प्रत्येक पायरीवर आधीची पायरी कुठे अपुरी पडली, याचा विचार दिसतो.

याच कुटुंबाने मराठीला तीन आत्मकथने दिली. कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’, आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ आणि स्वतः आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’. तिन्ही एकामागून एक वाचायला हवीत. संस्थेच्या इतिहासात जो त्याग म्हणून नोंदला जातो, तोच आनंदीबाईंच्या लेखणीतून महिन्याचा खर्च कसा भागवायचा ही रोजची विवंचना होऊन समोर येतो. नवऱ्याची मिळकत आश्रमाकडे जात असताना घर त्यांनी आपल्या हिमतीवर चालवले, आणि ते सांगताना कुठे आदर सोडला नाही की कुठे झाकपाकही केली नाही. एकच संसार, पण ज्याच्या वाट्याला त्यातले जे आले तेच त्याने सांगितले.

पार्वतीबाईंचा प्रवास तर आणखी थक्क करणारा आहे. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी लहान मुलगा. त्या हिंगण्याला आल्या, मोठ्या वयात शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या. केशवपनाची रूढी त्यांनी बरीच वर्षे पाळली आणि नंतर विचार करून सोडली. पुढे मोडकेतोडके इंग्रजी घेऊन थेट अमेरिका गाठली आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून दिवस काढले. आपण आधी काय मानत होतो आणि मग ते का बदलले, हे त्या लिहून ठेवतात. अशा नोंदी फार मोलाच्या, कारण मत बदलल्यावर आपले आधीचे मत माणूस सहसा विसरून जातो.

मात्र आपली गोष्ट सांगण्याची मुभा सर्वांना सारखी मिळाली नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानात बसून सामान बांधायला आणलेली जुनी वर्तमानपत्रे वाचत, आणि घरच्यांपासून चोरून लिहीत. ते लिखाण सुमारे वीस वर्षे लपवून ठेवलेले होते. ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक 1986 मध्ये आले. दलित स्त्रीने आपल्या वस्तीचे दैन्य, अंधश्रद्धा, घरातला जाच आणि आंबेडकरांच्या शब्दाने पेटलेली माणसे हे सगळे एकत्र मांडले. ती वही दडलेलीच राहिली असती तर महाराष्ट्राला स्वतःबद्दलची केवढी मोठी गोष्ट कळली नसती!

लिहिण्याने नेमके काय होते, याचा शास्त्रज्ञांनीही शोध घेतला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितले. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांचे पुढच्या काही महिन्यांत आरोग्य केंद्राकडे जाणे कमी झाले. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम दिसला तरी तो माफकच होता, तेव्हा वही-पेन हे औषध समजू नये. पण घडलेल्या प्रसंगाला क्रम आणि कारण देता आले की तो हाताळता येतो, एवढे यावरून म्हणता येते. पेरणीची तारीख, बियाणे, पाऊस, फवारणी आणि मिळालेला भाव टिपून ठेवणारा शेतकरी पुढच्या खरिपाला अंदाजावर विसंबत नाही, त्यामागेही हेच आहे.

मग शाळेत हे का नसावे? आठवी-नववीला महिन्यातून दोन तास यासाठी काढणे अवघड नाही. विषय साधे असावेत: एखादे भांडण, हरलेला सामना, घर बदलणे, शेतात किंवा दुकानात केलेले काम. आधी काय वाटत होते, प्रत्यक्षात काय झाले, आता काय वाटते, एवढे तीन प्रश्न पुरेत. या लिखाणाला गुण नकोत आणि शुद्धलेखनाच्या लाल खुणाही नकोत. गुण आले की मुले शिक्षकांना आवडेल तेच लिहिणार, आणि छत्रीच्या दुःखासारखेच ठरीव दुःख वहीत उतरणार. घरातले काही सांगायचे नसेल तर न सांगण्याचा हक्क मुलाला हवा, आणि लिहिलेले वर्गात वाचून दाखवण्याची सक्ती कधीही नको. एखाद्या वहीतून मुलावर होणारा अत्याचार समोर आला तर शिक्षकाने काय करायचे, कुणाला कळवायचे, याचे प्रशिक्षण आधी द्यावे लागेल. त्याशिवाय हा तास सुरू करू नये.