रेघेवर भागवलेलं आयुष्य

चित्रकलेच्या एका वर्गाच्या जाहिरातीत या आठवड्यात वाचलं: आधी काही महिने रेखाटन, मग खरं चित्र. म्हणजे रेखाटन हे खरं चित्र नाही? मला हे साफ नामंजूर आहे. मंडळी, मग नसरीन मोहमदींचं काय करायचं? कराचीत 1937 साली जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, लंडनला शिकून आलेल्या या बाईंनी सुरुवातीला कॅनव्हास रंगवले. पण सत्तरच्या दशकात, बडोद्याच्या विद्यापीठात शिकवत असताना, रंग जवळजवळ सोडूनच दिले. कागद, पेन्सिल, शाई आणि नकाशे काढणाऱ्यांची अवजारं, बस्स! तिरक्या रेघा एकमेकींजवळ येतात, विरळ होतात, मध्येच थांबतात, आणि पाहणाऱ्याला कागदात वारा शिरल्यासारखं वाटतं. बहुतेक चित्रांना ना शीर्षक, ना तारीख. पुढे आजाराने स्नायूंवरचा ताबा सुटत गेला, तरी रेघ काटेकोरच राहिली. एवढी जिद्द मी दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. 1990 मध्ये आपल्या अलिबागजवळच्या किहीमला त्या गेल्या. 2016 साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या कलासंग्रहालयाचे दरवाजे उघडले, तेव्हा सुरुवातीच्याच प्रदर्शनांत त्यांच्या रेघा होत्या. चित्रकलेच्या शिक्षकांनो, रंगपेटी उघडण्याआधी मुलांना त्या एकदा दाखवाच.