पार्ट नंबर नसलेला हुक

परवा मोशीत एका स्पीडब्रेकरवर गाडीखालून 'ठण्ण' असा आवाज आला आणि मागे काहीतरी खडखडायला लागलं. वाकून बघतो तर सायलेन्सर एका बाजूने लोंबकळतोय. डबा शाबूत, पाइप शाबूत, रबरही शाबूत. रबरात अडकणारा बोटाएवढा लोखंडी हुक तेवढा वेल्डिंगपाशी गंजून तुटला होता. नऊ वर्षांची गाडी, चालायचंच.

सर्व्हिस सेंटरला नेली. (नाव सांगत नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच ऐकायला मिळतं.) हातात टॅब घेतलेल्या मुलाने गाडी लिफ्टवर चढवली, फोटो काढला आणि एस्टिमेट दिलं. मागचा सायलेन्सर असेंब्ली, क्लॅम्प, गॅस्केट, रबरं, लेबर... चौदा हजार आठशे! मी म्हटलं, "अरे, हुकच तुटलाय ना? तेवढा लावून दे." तो अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, हुक वेगळा येत नाही. त्याला पार्ट नंबरच नाहीये."

म्हणजे ज्याला नंबर नाही ते दुरुस्त होत नाही, आणि त्याच्यापायी नंबर असलेलं धडधाकट धूड भंगारात! मुलावर माझा राग नाही. त्याला हेच शिकवलंय. राग शिकवणाऱ्यांवर आहे, आणि खरं सांगायचं तर मुकाट्याने सही करून येणाऱ्या आपल्यावरही.

मुळात हा हुक गंजतो का? इंजिन हलतं, पाइप तापून लांबतो, म्हणून सायलेन्सर घट्ट न आवळता रबरांवर झुलता ठेवतात. हुक जिथे वेल्ड केलेला असतो तिथलं वरचं संरक्षण कमकुवत, आणि त्याच बेचक्यात पावसाळ्यातला चिखल जाऊन बसतो. तो चिखल ओल धरून ठेवतो. अमेरिकेतला आमचा चुलतभाऊ म्हणतो, तिकडे बर्फावर मीठ टाकतात त्यामुळे गाडीचं पोट सडतं. आपल्याकडे मिठाची गरज नाही, चाकण-तळेगाव रस्ता पुरे! डब्याची गोष्ट वेगळी, तो आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. लांब गेलात तर ती निघून जाते. पण क्लास, भाजी, दवाखाना अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत सायलेन्सर नीट तापतच नाही आणि पाणी आत साचून राहतं.

म्हणून डब्यालाच भोकं पडली असतील, पत्रा दाबल्यावर आत जात असेल, तर बदला. तिथे काटकसर नको. गळका धूर गाडीत शिरला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही येत नाही. आणि दुसऱ्या टोकाचे आपले जुगाडवीर, बाइंडिंग वायरने सायलेन्सर आवळून वर्षभर फिरणारे, त्यांचंही मला कौतुक नाही. तार झुलत नाही, सगळा ताण पुढच्या फ्लेक्सिबल पाइपवर आणि जोडांवर येतो. तार घरी पोचण्यापुरती. जुगाड म्हणजे दुरुस्ती नव्हे.

पण हुक तुटला म्हणून अख्खा डबा? तोही या पट्ट्यात, जिथे दर दुसऱ्या शेडमध्ये लोखंड वाकवलं आणि जोडलं जातं?

सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या मेकॅनिकांना मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. त्यांत आपल्या पिंपरी-चाकणला कारखाने असलेल्याही होत्या. पुढे ते प्रकरण अपिलांत गेलं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं. छान आहे. पण हक्क कागदावर मिळाला तरी तो हुक जोडणारा हात पोर्टलवर मिळत नाही.

असो. तो हात मला बाबांनी दाखवला. बाबा टेल्कोच्या टूलरूममधून निवृत्त झाले. (२००३ साली टेल्कोची टाटा मोटर्स झाली, पण आमच्या घरात अजून टेल्कोच.) एस्टिमेट बघून ते एवढंच म्हणाले, "भोसरीला चल."

एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये साठीचे एक वेल्डर. त्यांनी आधी बॅटरीची वायर काढली. तुटक्या हुकाच्या मापाने दहा एमएमचा बार वाकवला, गंज घासून पांढरं लोखंड काढलं. गाडीखाली जाऊन नुसते दोन टाके मारले, सायलेन्सर सरळ लोंबतोय का ते पाहिलं, मग तो काढून खाली जमिनीवर पक्कं वेल्डिंग केलं. वर उष्णता सोसणारा सिल्व्हर रंग, आणि नवीन रबर साबणाच्या पाण्याने सरकवून बसवलं. पाऊण तास. साडेसहाशे रुपये, रबरासकट. बाबा मध्ये मध्ये "मास्तर, जरा डावीकडे" करत होते आणि मास्तर "हो काका" म्हणून स्वतःला हवं तेच करत होते.

निघताना विचारलं, हाताखाली कोणी दिसत नाही? म्हणाले, पोरं टिकत नाहीत. मुलगा चाकणला लाइनवर आहे, दिवसभर एकाच जागी उभा राहून बोल्ट आवळतो. पगार वेळेवर होतो, पीएफ कापला जातो, त्याचं काय चुकलं?

आमच्या गाडीचा दुसरा हुकही तांबूस झालाय. मास्तर म्हणाले, दिवाळीच्या आत घेऊन या. नंतर शेड सोडायचा विचार आहे.