बाप्तिस्मा आणि बाळाचे समर्पण

न्यूझीलंडमधील हॅमिल्टन शहराच्या उत्तरेला रोटोटुना हे उपनगर आहे. तिकडे गेलेल्या आपल्या एखाद्या मुलीने ख्रिस्ती घरात लग्न केले आणि बाळाच्या ‘समर्पणा’चे निमंत्रण इकडे बेटावर आले, की आजी-आजोबा गप्प होतात. बाळाला बाटवले, असे त्यांच्या मनात येते.

आमचे म्हणणे, आधी नीट विचारावे. बाप्तिस्मा आणि समर्पण एक नव्हे. कॅथलिक आणि अँग्लिकन लोक तान्ह्या बाळाला पाण्याने बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट मंडळीत तसे नाही. तेथे आईबाप बाळाला देवापुढे आणतात, बायबलातील हन्नाने शमुवेलाला आणले तसे, आणि त्याला नीट वाढवण्याचे वचन देतात. वचन मोठ्यांचे असते. बाप्तिस्मा घ्यावा की नाही, हे मूल मोठेपणी स्वतः ठरवते.

मराठी घरांना हा पेच नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा अडीच वर्षांच्या मनोरमेलाही तो दिला गेला. पण पुढे मुलीला धर्माचे काय शिकवावे, यावर रमाबाई तिथल्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून भांडल्या. आईचा हक्क त्यांनी सोडला नाही. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी आपल्या मनाने, १९०० साली.

म्हणून निमंत्रण आले तर जावे, आशीर्वाद द्यावा. बारसेही करा म्हणून मुलीला सांगावे. कानात कुर्र करायला बाळाची ख्रिस्ती आत्या आहेच की!